पस्तीस मिनिटं, सेहेचाळीस पोरं आणि ‘रडून दाखव’

पत्र:

नमस्कार. मी सिंहगड रोडवरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवते. यंदा मोठ्या बाईंनी नाटकाचा तास माझ्या गळ्यात मारला, कारण काय तर मी कॉलेजात एका एकांकिकेला होते (तेही बॅकस्टेजला!). आठवड्याला एक तास, ३५ मिनिटं, वर्गात ४६ मुलं. मी एक छापील बालनाटिका आणली, वाचून घेतली, कामं वाटली. आता नेहमीची सहा मुलं काम करतात आणि बाकीची चाळीस खिदळतात. मुलं-मुली शेजारी उभे राहायला तयार नाहीत. राजाचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज फुटलाय, तो बोलला की वर्ग हसतो, गेल्या आठवड्यात त्याने काम सोडलं. मी कितीही करून दाखवलं तरी त्यांचं रडणं-चिडणं सगळं खोटं वाटतं. त्यात मोठ्या बाईंना आंतरशालेय स्पर्धेत नंबर हवाय. मला स्वतःलाच अभिनय येत नाही, मी काय शिकवणार?
— वैतागलेली बाई

उत्तर:

बाई, आधी ती नाटिका कपाटात ठेवा. फेकू नका, दिवाळीनंतर लागेल, पण तोपर्यंत तिला बाहेर काढू नका. छापील संहिता वर्गात आली की लगेच सहा जण नट होतात आणि चाळीस जण प्रेक्षक, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी प्रेक्षक म्हणून फुकट बसवलेली पोरं खिदळणार नाहीत तर काय करणार? मी असते तर मीही खिदळले असते.

दुसरं, करून दाखवणं बंद करा. आजपासून. तुम्ही करून दाखवता ते पोरं बघतात आणि जशीच्या तशी नक्कल मारतात, तुम्ही मान डावीकडे टाकली की त्यांची मान डावीकडे, तुम्ही ‘अरेरे’ लांबवलं की त्यांचं ‘अरेरे’ लांब. आपल्याकडची गॅदरिंग स्टाइल याच्यातूनच आलीये. ‘मी’ म्हटलं की छातीवर हात, ‘तू’ म्हटलं की समोर बोट, ‘आकाश’ म्हटलं की दोन्ही हात वर, आणि प्रत्येक वाक्य संपलं की प्रेक्षकांकडे बघून एक थांबा, टाळी येते का म्हणून. बोलायचंय शेजारच्या मित्राशी आणि तोंड पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांकडे! ही सवय एकदा लागली की कॉलेजात गेल्यावर पण सुटत नाही, तिथे ती काढायला दिग्दर्शकाचा जीव जातो.

आता मुद्द्याचं बोलते. तुमचे जवळजवळ सगळे प्रॉब्लेम, ते खोटं रडणं, ते हसणं, ते शेजारी न उभं राहणं, एकाच ठिकाणी येऊन थांबतात. तुम्ही पोरांना भावना दाखवायला सांगताय. ‘रडून दाखव’, ‘चिडून दाखव’, ‘घाबर’. पहिली-दुसरीच्या पोराला वाघ हो म्हटलं की तो हो म्हणायच्या आत वाघ झालेला असतो. सातवीतल्या पोराच्या डोक्यात मात्र दिवसभर एकच गोष्ट चालू असते, मी कसा दिसतोय आणि कोण बघतंय. त्याला चाळीस जणांपुढे उभं करून ‘आता दुःखी हो’ म्हणणं म्हणजे त्याच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं. मग तो एकतर हसतो, किंवा ठरलेला रडका चेहरा लावून मोकळा होतो, दोन्ही पळवाटाच.

त्याला भावना देऊ नका, काम द्या. हातात घेता येईल असं, होईल किंवा फसेल असं काम. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन म्हणून बाई होत्या, त्यांनी शिकागोत १९३० च्या दशकाच्या शेवटी स्थलांतरितांच्या वस्तीतल्या मुलांबरोबर काम करता करता नाट्यखेळांची एक अख्खी पद्धत उभी केली, १९६३ साली ती पुस्तकात आली, आज जगभर शिबिरांमध्ये जे ‘थिएटर गेम्स’ घेतात त्यातले कितीतरी मुळात त्यांचे. त्यांच्या प्रत्येक खेळात एक गोष्ट असते, खेळणाऱ्याचं लक्ष कशावर असावं ते आधीच ठरवून दिलेलं असतं. लक्ष त्या कामावर गेलं की स्वतःवरचं उडतं. तुमच्या सातवीला हेच औषध लागतंय.

एक प्रसंग सविस्तर देते, उद्याच करून बघा. धायरीहून स्वारगेटला जाणारी पीएमपी, म्हणजे आपली सिटी बस. बेंच हलवायचे नाहीत (ते हलवण्यात आणि परत लावण्यात दहा मिनिटं जातात आणि खालच्या वर्गावरचे सर वर येतात), बेंच म्हणजेच बसच्या सीटा, मधली वाट म्हणजे बसमधली वाट, झाली बस. सगळे ४६ जण बसमध्ये आहेत. एक कंडक्टर, एक ड्रायव्हर, बाकी प्रवासी. प्रत्येक प्रवाशाला एक साधं काम: एकाला खिडकी हवीये, एक पेंगतोय पण स्टॉप चुकवायचा नाहीये, एकीच्या मांडीवर डबा आहे तो सांडू द्यायचा नाही, दोघांना पूर्ण वेळ एकही वाकडा शब्द न बोलता भांडायचंय. काही जण नुसता आवाज देतील, इंजिनाचा, ब्रेकचा, बेलचा. हे आवाजाचं काम लाजाळू पोरांना द्या, त्यांना बोलायचा फोर्स करू नका, ती महिनाभर नुसती इंजिन झाली तरी चालेल, ती वर्गात आहेत आणि ऐकतायत.

आता कंडक्टर झालेल्या मुलाला आधी मुद्दाम म्हणा, ‘चिडलेला कंडक्टर कर’. तो ओरडेल, हात नाचवेल, पब्लिक हसेल, तोही हसेल, दीड मिनिटात संपेल. संपू द्या. मग त्याला बाजूला घ्या आणि कानात सांगा, ‘राजाराम पूल यायच्या आत तुला सगळ्यांची तिकिटं फाडायचीयेत आणि तुझ्याकडचे सुट्टे संपलेत.’ आणि तिसऱ्या बेंचवरच्या मुलीच्या कानात सांगा, ‘तुझ्याकडे फक्त पाचशेची नोट आहे, तुला राजाराम पुलालाच उतरायचंय आणि उरलेले पैसे घेतल्याशिवाय उतरायचं नाही.’ एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. आणि मग ड्रायव्हरला म्हणा, सोड गाडी.

मी हा प्रसंग वेगवेगळ्या शाळांत घेतलाय आणि दरवेळी बघण्यासारखी गोष्ट एकच असते, आवाज खाली येतो. कंडक्टर ओरडत नाही, कारण त्याला वेळ नसतो. तो नोटेकडे बघतो, खिशाकडे बघतो, मागच्या बेंचवरच्याला विचारतो ‘तुमच्याकडे आहेत का सुट्टे’, ती मुलगी त्याच्या शर्टाची बाही न धरता पण हात तसाच पुढे ठेवून त्याच्या मागे मागे जाते, ‘काका, माझा स्टॉप येतोय’, आणि तेवढ्यात आवाजवाल्या पोरांनी ब्रेक मारला की अख्खी बस आपोआप पुढे झुकते. एकदा एका मुलीने मागून आवाज दिला, ‘मी देते सुट्टे, पण मला खिडकी पाहिजे’. हे कुणी लिहून दिलं नव्हतं. तिचं काम खिडकी मिळवणं होतं, तिने ते केलं. कुणी अभिनय करायला गेलंच नाही आणि बघणाऱ्याला सगळं खरं वाटलं.

मध्येच तुम्ही ‘थांबा’ म्हणायचं, सगळे जसे आहेत तसे स्तब्ध. विचारायचं, आता कुणाला काय हवंय? कोण अडवतंय? कंडक्टर दुसरं काय करू शकला असता? ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने बोलून दाखवायचं नाही, उठून कंडक्टरच्या जागी जायचं आणि करून बघायचं. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी मोठ्यांच्या नाटकात हे केलं, बघणाऱ्यालाच उठवून पात्राच्या जागी आणलं, पण मला विचाराल तर ही गोष्ट शाळेच्या वर्गात जेवढी चालते तेवढी कुठेच चालत नाही. कारण तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाला खात्री असते की समोरच्यापेक्षा मला चांगलं जमलं असतं.

तासाची विभागणी विचाराल तर फार डोकं लावू नका, यायला-बसायला पाच मिनिटं, पाच मिनिटं एखादा खेळ, वीस मिनिटं प्रसंग, उरलेली बोलायला. शांत करायला ओरडायचं नाही, एक टाळीचा ठेका ठरवा, तुम्ही वाजवला की पोरांनी परत वाजवायचा आणि गप्प. घसा वाचतो. बोलायच्या वेळी ‘छान केलंस’ हे वाक्य शक्यतो टाळा, ‘कुठे खरं वाटलं आणि का’ हे विचारा. आणि आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत काय लिहायचं हा प्रश्न येणारच, तर समोरच्याचं ऐकून उत्तर देतो का, दिलेलं काम शेवटपर्यंत सोडत नाही का, दुसऱ्याला जागा देतो का, एवढं लिहा, ‘अभिनयकौशल्य उत्तम’ असलं काही लिहू नका.

मुलं-मुलींचं. याच्यावर भाषण अजिबात देऊ नका, ‘आपण सगळे मित्र आहोत’ म्हटलं की ते आणखी चार फूट लांब सरकतात. पहिल्याच तासाला एक नियम सांगून टाका, न विचारता कुणी कुणाला हात लावायचा नाही, मिठी-बिठी नाही, नवरा-बायको नाही, या तासाला कुणाची जोडी लावायची नाही. हे बाईंच्या तोंडून एकदा स्पष्ट ऐकलं की निम्मी धास्ती जाते. मग आरशाचा खेळ घ्या, दोघं समोरासमोर हातभर अंतरावर, एकाने हळू हलायचं, दुसऱ्याने आरसा, बोलायचं नाही. पहिल्या वेळी जोडीदार ज्याचा त्याने निवडू दे. पुढच्या वेळी एक-दोन-तीन-चार मोजून गट पाडा, सगळे ‘तीन’ एका कोपऱ्यात, आकडा कुणाचा आला ते नशीब, त्यात बाईंनी कुणाला कुणाशेजारी बसवलं असा विषयच राहत नाही. काम पुरेसं अवघड असलं ना, की कोण शेजारी आहे हे ती विसरतात.

आता तो राजा. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, मेंदूला नवीन मापाची सवय व्हायला काही महिने जातात, कधी त्याहून जास्त, म्हणून आवाज मध्येच चिरकतो. वर्गाला हे एकदा सरळ, विज्ञानाच्या तासाला सांगतात तसं सांगा, त्याचं नाव न घेता, जे आज हसतायत त्यातल्या कितीतरी पोरांचा नंबर लवकरच लागणारे. आणि त्याला ओरडायला, उंच पट्टीत बोलायला किंवा गायला लावू नका, आत्ता घशाला ताण नको. त्याला भूमिका मात्र परत द्या, नुसती तशीच नाही, बदलून. तुमचा राजा बोलतच नाही असं करा की! तो हुकूम चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी पुढे सरकवतो, आणि प्रधान घाबरत घाबरत वाचून दाखवतो. अख्ख्या दरबाराचं लक्ष त्याच्या पेनाकडे. नाटकात सगळ्यात जास्त वजन असलेलं काम होईल ते, आणि वर्षभराने त्याचा जो काही नवीन आवाज येईल तो येईल.

बाकीच्यांच्या आवाजाबद्दल एवढंच, की ‘मोठ्याने बोल’ म्हटलं की पोरं किंचाळतात. त्याऐवजी कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन पोरं उभी करा, एकाने दुसऱ्याला एक खरी बातमी सांगायची, ‘आज डब्यात थालीपीठ आहे, अर्धं तुला’. ओरडायचं नाही पण त्याला कळलं पाहिजे. शब्दांचे शेवट आपोआप स्वच्छ होतात, श्वास पोटातून यायला लागतो, तुम्हाला त्यावर लेक्चर द्यावं लागत नाही. शेजारचे वर्ग चालू असतील तर हे मैदानावर घ्या, मधल्या सुट्टीला लागून.

मला अभिनय येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बरं झालं! येत असता तर तुम्ही आणखी करून दाखवलं असतं. बॅकस्टेज केलेल्या माणसाला अख्खं नाटक विंगेतून बघायची सवय असते, कोण कुठे अडकलंय, कुणाची एन्ट्री उशिरा पडली, कुठला ठोकळा कुणाच्या पायात येणारे, हे त्याला आधी दिसतं. या वर्गाला तीच नजर हवीये. शिवाय इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट नावाच्या शिक्षिका होत्या, त्या स्वतः गोष्टीत शिरायच्या, पण नट म्हणून मिरवायला नाही, मदत मागणारं एखादं पात्र म्हणून. तुम्हीही करू शकता. नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच साडीत किंवा ड्रेसमध्ये वर्गात या आणि म्हणा, ‘मी डेपोतून आलेय, या बसबद्दल तक्रार आलीये, नेमकं काय झालं ते मला कोण सांगेल?’ यात अभिनय कुठेय? पण ४६ साक्षीदार तुटून पडतील, आणि भाषेच्या बाई म्हणून तुमच्या लक्षात येईल की निबंधात दोन ओळी न लिहिणारा मुलगा इथे सलग बोलतोय. कुणाच्या घरी हिंदी, कन्नड किंवा वडारी बोलत असतील तर बसमध्ये तीही भाषा येऊ दे, पीएमपीत कुठे सगळे प्रमाण मराठी बोलतात?

राहिली स्पर्धा. पुण्यात राहून स्पर्धेपासून लांब राहता येत नाही, इथे शाळेत भालबा केळकर करंडक आणि कॉलेजात गेलं की पुरुषोत्तम, भरत नाट्य मंदिरात आरोळ्या ठोकून घसा बसवल्याशिवाय आमच्याकडे कुणी मोठं होत नाही. माझा स्पर्धेला विरोध नाही. माझा विरोध तासाची तालीम करायला आहे. मोठ्या बाईंना स्पष्ट सांगा, की तास ४६ जणांचा, स्पर्धेचा गट वेगळा, शाळा सुटल्यावर, ज्यांना यायचंय त्यांचा. आणि त्या गटासाठी राजा-परी-जादूगार शोधत बसू नका. १९८६ साली मोहन आगाशेंनी बर्लिनचं ग्रिप्स थिएटर पुण्यात आणलं, त्यात मोठे नट मुलांची कामं करतात आणि विषय सगळे मुलांच्या रोजच्या जगण्यातले, घर, शाळा, मोठ्यांची दादागिरी, पैसे. कुठे प्रयोग लागला तर पोरांना घेऊन जा, निदान स्वतः बघून या. मग लक्षात येईल की तुमची बस हेच नाटक आहे. वर्गात जे प्रसंग रंगले त्यांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करा (नुसता आवाज, व्हिडिओ नको, व्हिडिओ काढला की पोरं परत कॅमेऱ्याकडे बघायला लागतात), घरी जाऊन टाइप करा, त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत ठेवा, फक्त कापा. भरपूर कापा. मोठ्यांनी लिहिलेली शहाणी वाक्यं पोरांच्या तोंडात घालायचा मोह तुम्हाला शेवटच्या पानावर होणार, ‘म्हणूनच मित्रांनो’ वगैरे. ते पान सरळ फाडा. परीक्षक त्या वाक्याला घड्याळ बघतात.

आणि जास्त मुलं घ्यायची असतील तर झाडं करू नका. झाडाचं काम मिळालेल्या पोराच्या आईचा फोन येतो आणि तो यायलाच पाहिजे. त्यापेक्षा कोरस करा, आपल्याकडे भारुड आहे, पोवाड्यातले जीजी करणारे झीलकरी आहेत, गण-गवळण आहे, सगळीकडे एक बोलतो आणि मागचे त्याला धरतात, उलटतात, टोमणा मारतात. दहा पोरांची बस स्वतःच एक पात्र होऊ शकते, कंडक्टरची टर उडवणारी. किती मुलं स्टेजवर चालतात आणि किती मिनिटं मिळतात हे मात्र त्या त्या स्पर्धेच्या नियमात आधी बघा, मग लिहायला बसा.

कपाटातली नाटिका दिवाळीनंतर काढा, पण कामं लगेच वाटू नका. पानोपानी फक्त एवढं विचारा, इथे कुणाला काय हवंय आणि कोण देत नाहीये. बस केलेल्या पोरांना उत्तरं पटापट येतात. मग प्रत्येक काम तीन-चार जणांकडून करून घ्या, कुणाचं काय हे सगळ्यात शेवटी ठरवा, म्हणजे ऐनवेळी कुणाला गोवर-कांजिण्या झाल्या तरी दुसरा तयार असतो. तीच नाटिका बाहेर, तिकीट लावून किंवा स्पर्धेत करायची असेल तर लेखकाचं परवानगीपत्र आधी घ्या, पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळत नाही, हे बऱ्याच शाळांना आदल्या आठवड्यात कळतं. ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे, भाड्याने आणायची तर मापं नेऊन आणा, दुकानातले राजाचे अंगरखे मोठ्या माणसाच्या मापाचे असतात आणि सातवीतला राजा त्यात पाय अडकून पडतो. मिशी चिकटवायचा गम प्रयोगाच्या आधी एखाद दिवस हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघा, काही पोरांना पुरळ येतं, तशांची मिशी मेकअपच्या पेन्सिलने रंगवा.